पगार दहाला, भाडं पाचला

या कुटुंबाकडे ती आम्हा स्वयंसेवकांची चौथी घरभेट. आधीच्या तीन भेटींत जमाखर्च मांडून झाला होता, पण कोडं काही सुटत नव्हतं. नवरा-बायको दोघंही कमावती, व्यसन नाही, महिन्याची जमा खर्चापेक्षा किंचित जास्तच. तरी हात कायम रिकामा. भेटेल त्याने त्यांना काटकसरीचाच सल्ला दिला होता.

त्या दिवशी महिन्याची बेरीज बाजूला ठेवली. एका पानावर १ ते ३१ तारखा एकाखाली एक लिहिल्या, समोर तीन रकाने: आले, गेले, कोणाला. वही ताईंच्याच हातात होती. पाच तारखेपाशी त्यांचं पेन थांबलं. भाडं पाचला, पगार दहाला. मधल्या पाच दिवसांसाठी ओळखीतल्या एकाकडून भाड्याइतके पैसे घ्यायचे आणि पगार झाला की शेकडा पाच जास्त देऊन फेडायचे.

"ते कर्ज कुठे? लगेच परत करतो की आम्ही," दादा म्हणाले.

कर्ज आहे का, असं आम्ही तीनदा विचारलं होतं आणि त्यांनी प्रामाणिकपणे नाही म्हटलं होतं. प्रश्नच चुकीचा होता. पगाराच्या आदल्या आठवड्यात पैसे कुठून येतात, असं विचारलं की खरं चित्र दिसतं. नव्या स्वयंसेवकांना मी हे आवर्जून सांगते. तेही चौथ्या भेटीत कळतं, पहिल्या नाही. बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्यात उपजीविकेचं साधन देण्याबरोबर नियमित घरभेटीही होत्या. ही पद्धत पुढे सहा देशांत तपासली गेली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मदत थांबल्यानंतर वर्षभरानेही फायदा टिकून होता. घरभेटींना मी दुय्यम मानत नाही ते यामुळेच.

भाडं १०० धरलं तर महिन्याला ५, वर्षाला ६०. अर्ध्या महिन्याच्या भाड्याहून जास्त रक्कम नुसत्या पाच दिवसांच्या अंतरापायी जात होती. उपाय एकच होता, भाड्याची तारीख पुढे नेणं. यासाठी आगाऊ पैसेही लागत नाहीत: या दहाला नेहमीसारखी फेड करायची, पुढचं भाडं थेट पगारातून जातं.

इथे दोन चुका हमखास होतात. स्वयंसेवक स्वतः पैसे देऊ करतो, आणि मग घरात मोकळेपणाने कोणी बोलत नाही. किंवा तो स्वतःच घरमालकाला फोन लावतो, आणि पुढच्या अडचणीत कुटुंब त्याचीच वाट बघत बसतं. आम्ही फक्त सराव करून घेतला, दोनदा. ताईंची वाक्यं तीनच होती: आजवर एकही भाडं चुकवलं नाही, पगार दहाला होतो, यापुढे दर महिन्याच्या बाराला देईन. दहा नव्हे, बारा. दहाला सुट्टी आली तर पगार एखादा दिवस लांबतो आणि पहिल्याच महिन्यात शब्द मोडतो.

फोन ताईंनी केला. आवाज सुरुवातीला कापरा होता, तिसऱ्या वाक्याला स्थिर झाला. घरमालक तयार झाले. लगेच त्यांना मेसेज पाठवून "ठीक आहे" असं लेखी उत्तर घेतलं.

वाचलेल्या ५चं काय करायचं तेही त्याच बैठकीत ठरवलं, नाहीतर ते किरकोळ खर्चात विरून जातात. दर महिन्याच्या बाराला, भाड्यासोबतच, ते वेगळ्या खात्यात टाकायचे. वीस महिन्यांत एका भाड्याएवढी गंगाजळी तयार होते.

ताईंनी पाच तारखेसमोरचं "भाडं" खोडलं आणि बारासमोर लिहिलं. पुढची भेट आम्ही तेराला ठेवली.