धने, काळी माती आणि वाफसा

४ नोव्हेंबर, सांगली

पहाटेचा गारवा आता जाणवतोय. कोथिंबीर पेरायला हाच मोसम. एप्रिल-मेच्या उन्हात ती वीतभर व्हायच्या आधीच फुलोऱ्यावर येते, म्हणून नवशिक्यानं पहिली पेरणी उन्हाळ्यात करूच नये.

आज फक्त मातीचं काम. कृष्णाकाठची काळी माती उसाला, हळदीला सोन्यासारखी. कुंडीत मात्र एकटी चालत नाही. पाणी घातलं की चिखल, सुकली की भेगा, आणि त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात. म्हणून एक घमेलं माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं भिजवून पिळलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. खताला अजून शेणाचा वास येत असेल तर ते तयार नाही. कुंडीत तापेल आणि कोंब जाळेल. मिश्रण मुठीत दाबून पाहिलं. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि बोट लावताच फुटला. हाच वाफसा. पाणी बोटांतून गळलं तर पेरणी उद्यावर ढकलावी.

५ नोव्हेंबर

एक धना म्हणजे खरं तर जोडलेली दोन बियाणं. कागदावर पसरून वरून लाटणं हलकेच फिरवलं की दोन डाळी सुटतात. जोर लावला तर आतला कोंबच चिरडतो. रात्रभर, साधारण दहा तास भिजवून निथळले. स्वयंपाकघरातले धने चालतात, पण भाजलेले किंवा फार जुने नकोत. बारा इंची कुंडीत तीस-पस्तीस डाळी, अर्धा इंच खोल. वर ओलं गोणपाट. त्यानं ओल टिकते आणि चिमण्यांपासून बी वाचतं.

सब्जा मात्र भिजवायचा नाही. पाणी लागताच त्याच्याभोवती बुळबुळीत थर चढतो आणि बी एकमेकांना चिकटतं. कोरडाच भुरभुरावा, मातीनं झाकू नये, वरून फक्त फवारा. पुदिन्याला आणि पानओव्याला बियांची गरजच नाही. दोन्ही काडीवर लागतात.

१४ नोव्हेंबर

नवव्या दिवशी कोथिंबिरीनं डोकं काढलं. गोणपाट लगेच काढायला हवं, नाहीतर कोंब पांढरे आणि लांबुडके होतात. पहिली दोन पानं लांबट, गवतासारखी असतात. तण समजून ती उपटली जातात, तेव्हा जपून. कोथिंबिरीची नक्षीदार पानं त्यानंतर येतात.

१८ नोव्हेंबर

कुंडीच्या एका कडेची पाच-सहा रोपं आडवी. जवळून पाहिलं तर मातीला टेकलेला देठ दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी झालेला. ही मर, बुरशीमुळे येते. रोप लोळलं की तहान लागली असं वाटतं आणि माणूस आणखी पाणी ओततो, तिथेच उरलेलीही जातात. मेलेली रोपं भोवतालच्या चमचाभर मातीसकट काढली, दाटी विरळ करून दोन बोटांचं अंतर ठेवलं आणि दोन दिवस पाणी बंद. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, लिटरला ५ ग्रॅम मिसळून मुळाशी घातलं. ते पेरणीआधी खतातच मिसळलं असतं तर जास्त उपयोग झाला असता. मेलेलं रोप त्यानं उठत नाही. पाणी सकाळीच द्यावं, तेही बोटाचं पहिलं पेर मातीत कोरडं लागेल तेव्हा. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर देठाशी साचून राहतं.

१२ डिसेंबर

सदतिसावा दिवस, रोपं पाच-सहा इंच. बाहेरची मोठी पानं कात्रीनं, दोन बोटं देठ ठेवून कापली. मधला कोवळा शेंडा तसाच. उपटली तर एकदाच मिळते, अशी कापली की दोन-तीनदा. कापणीनंतर मूठभर गांडूळखत. दुसऱ्या कुंडीत धने आज पेरले, म्हणजे पहिली फुलावर येईस्तोवर ती तयार होईल. रोप उचलून दुसरीकडे लावायच्या फंदात पडू नये: सोटमूळ दुखावलं की कोथिंबीर सरळ फुलावर जाते, आणि शेपूचंही तेच.