नवी मुंबईच्या उकाड्यात क्रांतिक बिंदू: माझा अनुभव

२,६-ल्युटिडीन हा सेंद्रिय द्रव आणि पाणी गार असताना एकजीव राहतात, सुमारे ३४ अंश सेल्सिअसला मात्र फुटतात, म्हणजे दोन थरांत वेगळे होतात. ठराविक प्रमाणात मिसळल्यावर ही फूट जिथे सुरू होते तो क्रांतिक बिंदू. एप्रिल-मे मध्ये वाशी-तुर्भ्याकडे दुपारी बंद खोलीही त्याच्या आसपास जाते. नुसत्या हीटरच्या वॉटर बाथला गार होता येत नाही, म्हणून मी आधी एसी २५ वर लावून खोली स्थिरावू देतो.

क्रांतिक प्रमाण वजनाने २८.६ टक्के ल्युटिडीन. १० ग्रॅमसाठी २.८६ ग्रॅम ल्युटिडीन आणि ७.१४ ग्रॅम डिआयनाइज्ड पाणी, तेही काट्यावर तोलून. द्रव ज्वलनशील आणि उग्र वासाचा; ओतायचा तो फ्यूम हूडमध्येच (वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटात). झाकण टेफ्लॉनचं.

नमुना ३३ अंशांपर्यंत भरभर तापवत जातो, पुढे ०.०५ अंशाच्या पायरीने, दर पायरीला वीस मिनिटं थांबून. आधी निळसर झाक येते, मग द्रव दुधाळ होतो आणि त्यातून पाहिलेला दिवा तांबूस दिसतो. फुटल्यावर सीमारेषा बरोबर मधोमध उमटली तर प्रमाण जुळलं. वरच्या टोकाशी उमटली तर ल्युटिडीन कमी पडलं. जरा क्षार मिसळला तरी फुटण्याच्या तापमानाचा आकडा सरकतो, म्हणून पुस्तकातला नाही, आपल्या नमुन्याचा आकडा वहीत लिहावा.

खरी मजा पुढे आहे. सोन्याचा पातळ थर दिलेल्या कव्हरस्लिपवर (सूक्ष्मदर्शकाच्या पातळ काचेवर) नमुना ठेवून तापमान क्रांतिक बिंदूच्या २ अंश खाली आणतो आणि ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरचा ठिपका टाकतो. सोनं प्रकाश शोषून तापतं आणि तेवढ्याच जागी द्रव फुटून थेंब धरतो. श्टुटगार्टमधल्या क्लेमेन्स बेखिंगर यांच्या गटाने २०११ मध्ये हेच वापरून, एका बाजूला सोनं चढवलेले सिलिकाचे कण प्रकाशावर पळवून दाखवले.

लेझर बंद केला की थेंब विरतो. पण बिंदूच्या जितकं जवळ, तितका वेळ लागतो, कारण दोन द्रवांच्या प्रमाणात जागोजागी होणाऱ्या चढउतारांचे पट्टे वाढलेले असतात: १ अंश दूर असताना सुमारे ७ नॅनोमीटर, ०.०१ अंशावर १३० च्या घरात. मोठा पट्टा सावकाश विरतो. घाईने पुढचं वाचन घेतलं तर मागच्या थेंबाचाच अंश मोजला जातो.

सगळ्यात फसवतं ते ऑइल इमर्शन ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे तेलाच्या थेंबातून काचेला टेकणारं सूक्ष्मदर्शकाचं भिंग. तेलातून ते नमुन्याची उष्णता ओढून घेतं आणि आपण पाहतो नेमकी तीच जागा थंड राहते, थर्मिस्टर (तापमान मोजणारा संवेदक) मात्र कडेला बरोबर आकडा दाखवत असतो. त्यावर उपाय एकच: ऑब्जेक्टिव्हलाही हीटर कॉलर लावून बाथइतकंच तापमान द्यायचं.