तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी सिनेमाला सबटायटल कशाला?

गेल्या दिवाळीत विचारलंत, परवा भिशीला विचारलंत. जाऊबाईंनी तर हातातून रिमोट काढून घेत विचारलं, "मराठी सिनेमाला सबटायटल कसली लावतेस गं? लंडनला वाढलीस का तू?" ऑफिसातल्या एकाने याच्यात मराठीचा अपमानही शोधून काढला. म्हणून एकदाच सविस्तर सांगते. नंतर कोणी विचारलं तर हेच वाचायला देईन.

आजवर प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलंय. शेजारणीला सांगितलं की भिंती पातळ आहेत, तुम्हाला त्रास नको म्हणून आवाज लहान ठेवते. जाऊबाईंना सांगितलं की कोरियन मालिका बघून बघून सवयच लागली. भाचीला सांगितलं की भाषांतरातल्या गमती बघते, आणि ते अगदीच खोटं नाही. म्हातारी मायेने नातवाला 'मेल्या' म्हणते आणि खाली उमटतं 'इडियट'. 'अहो' आणि 'अगं' तर दोन्ही बिचारे गायबच होतात. नवरा-बायकोचं आख्खं भांडण त्या एका 'अहो'च्या सुरात असतं आणि खाली रिकामं. असो.

ऑफिसातल्या त्या भाषाभिमान्याला मात्र मी भाषण ठोकलं. पूर्वी सिनेमे नंतर स्टुडिओत डब व्हायचे, माइकसमोर उभं राहून शब्द नीट म्हटला जायचा. आता जागेवरच आवाज घेतात, नटही खऱ्या माणसासारखे तोंडातल्या तोंडात बोलतात, आणि त्यावर पार्श्वसंगीत. शिवाय मिक्सिंग केलेलं असतं थिएटरसाठी. तिथे संवादाला पडद्यामागे मधला स्पीकर वेगळा असतो. आपल्या चपट्या टीव्हीचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून बसलेले, संवाद आधी भिंतीला ऐकू जातो आणि मग आपल्याला. 'दशावतार' सिनेमात दिलीप प्रभावळकर बोलले की माझा एक शब्द सुटत नाही, मालवणी असूनसुद्धा. रंगभूमीवर घडलेला आवाज आहे तो. बाकीच्यांनीही जरा जीभ हलवावी की!

भाषण छान झालं. त्यातली दोन-चार वाक्यं तो नंतर स्वतःची म्हणून वापरताना मी ऐकलीयत. म्हणजे डाव्या कानाने ऐकलीयत.

कारण खरी गोष्ट ही आहे की मला उजव्या कानाने नीट ऐकू येत नाही.

झालं, लिहिलं एकदाचं.

हे मला कळलं २०१६ च्या मे महिन्यात, 'सैराट' बघताना. तसं आधीपासून कळत होतं, पण मी ते 'कानात मळ झालाय' या सदरात टाकून दिलं होतं. आम्ही सोलापूरला नणंदेकडे गेलो होतो. एक पडद्याचं थिएटर, बाल्कनीसुद्धा भरलेली. 'झिंगाट'ला पोरं खुर्च्यांवर उभी, मधल्या वाटेत टॉवेल फिरतायत, पुढच्या रांगेतली आजी बसल्या जागी टाळ्या देतेय. त्या गोंगाटात मी अगदी मजेत होते. सगळ्यांनाच काही ऐकू येत नसलं की मी सगळ्यांसारखी असते.

उत्तरार्धात हैदराबादचे प्रसंग सुरू झाले तसे संवाद निसटायला लागले. मी मान थोडी उजवीकडे वळवून डावा कान पडद्याकडे केला. (ही युक्ती तोवर अंगवळणी पडली होती. नवऱ्याला वाटायचं मी त्याच्याकडे प्रेमाने वळून बसते.) आणि मग तो शेवट. सांगत बसत नाही, तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. ते लहान मूल दारातून आत येतं, आणि सिनेमाचा आवाजच जातो. संगीत नाही, काही नाही. मूल रडतंय ते दिसतं, रडणं ऐकू येत नाही.

आज मला माहीत आहे की ते मुद्दाम केलंय. नागराज मंजुळ्यांनी त्या जागी आवाज काढून घेतलाय, आणि तीनशे-चारशे माणसं त्या शांततेत गोठून बसलीयत. पण मला त्या क्षणी एवढंच कळलं की मला काहीच ऐकू येत नाहीये. एक कान कधीचा कुरकुरत होता, आता दोन्ही गेले. मी घाबरले, आणि नवऱ्याला विचारलं, "आवाज गेला का?"

मला वाटलं मी कुजबुजले.

कमी ऐकू येणाऱ्याला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. माझा प्रश्न बाल्कनीपर्यंत गेला. मागची दोन पोरं फिसकन हसली. पुढच्या रांगेतून एक माणूस वळला. त्याचे डोळे भरलेले होते, हे मी अजून विसरलेले नाही. तो म्हणाला, "ओ ताई, गप बसा की जरा." आजीनेही वळून पाहिलं. नवऱ्याने माझं मनगट धरलं, प्रेमाने नव्हे.

आणि मग मी काय केलं? पडद्यावर ती इवली रक्ताची पावलं उमटत होती, आणि मी पदराआड कानाशी चुटक्या वाजवून बघत होते. डाव्या कानाशी चुटकी: आली. उजव्या कानाशी चुटकी: बोटांना कळली, कानाला नाही. पुन्हा डावी, पुन्हा उजवी. नावं संपून दिवे लागले तेव्हा सगळ्यांचे डोळे लाल होते आणि माझेही होते, त्यामुळे नणंदेला वाटलं मला सिनेमा फार लागला. घरी जाताना रिक्षात ती म्हणाली, "वहिनी हळवी आहे." मी हो म्हटलं. आर्ची-परश्यासाठी मी तेव्हा एक थेंबही काढला नव्हता. याची लाज मला आजही जास्त वाटते की बोलल्याची, ठरत नाही.

तरी तपासणीला जायला दोन वर्षं लावली. तिथे एका बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, आणि बारीक 'टुं' ऐकू आलं की बटण दाबायचं. मी परीक्षेत कॉपी करावी तसं अंदाजाने दाबत होते. साधारण किती वेळाने टुं येतं त्याचा ताल पकडला होता. काचेपलीकडची मुलगी म्हणाली, "काकू, आवाज आला तरच दाबा." तक्त्यावर डाव्या कानाची निळी रेघ बऱ्यापैकी सपाट, आणि उजव्याची लाल रेघ खंडाळ्याचा घाट उतरावा तशी खाली गेलेली. तिने समजावलं: जाड आवाज येतात, बारीक जातात. म्हणजे स्वर ऐकू येतात, पण स, थ, फ, त असली व्यंजनं गळतात. साप, ताप, थाप हे तिन्ही मला नुसते 'आप' येतात. म्हणून मला 'कोणीतरी काहीतरी बोललं' हे नेहमी कळतं, आणि काय बोललं ते कळत नाही. म्हणून सबटायटल.

मशीन आहे. घालते. पण थिएटरात ते संवादाआधी शेजाऱ्याचं पॉपकॉर्नचं पाकीट ऐकवतं.

आता आप्पांचं. माझे वडील सत्तरीनंतर टीव्ही असा लावायचे की बातम्या खालच्या मजल्यावर फुकट मिळायच्या. विनोदी सिनेमा लागला की सगळे हसून झाल्यावर ते हसायचे, आमची तोंडं बघून. मी त्यांची नक्कल करायचे, पाहुण्यांसमोरसुद्धा. 'आप्पांचं हसू पुढच्या गाडीने येतं.' पाहुणे हसायचे, मग आप्पाही हसायचे, पुढच्या गाडीने. नक्कल करणाऱ्या त्या मुलीला मी आज काय सांगू? तिशीची होती, कळायला हवं होतं. पण मग मी म्हणते, आप्पांनी एकदा तरी सांगायचं होतं! तर ती मुलगी म्हणते, तू सांगितलंस का?

माझं मात्र उलट झालंय. नट वाक्य बोलायच्या आधी ते खाली आलेलं असतं, त्यामुळे मी सगळ्यांच्या आधी हसते. यावरून घरात तक्रारी आहेत. पण आधी हसणाऱ्याला लोक हुशार समजतात, एवढा फायदा आहे.

एक तक्रार माझीही घ्या. मराठी सिनेमाखाली बहुतेक वेळा इंग्रजीच असतं. माझ्या मातृभाषेतलं वाक्य मला कळावं म्हणून मी ते परक्या भाषेत वाचायचं. ते मला खाली मराठीतच दिलं तर कोणाचं बिघडतं? मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने बहिऱ्या आणि अंध प्रेक्षकांसाठी सूचना काढल्या, त्यात कॅप्शनचा विषय आहे. कॅप्शन म्हणजे नुसते संवाद नव्हेत, दार वाजलं, कुत्रं भुंकलं, तेही लिहायचं. वाचल्यावर पहिला विचार आला की सोलापुरात त्या दिवशी पडद्याखाली कंसात '[आवाज नाही]' एवढं आलं असतं तर! आणि लगेच दुसरा: एवढ्या शांततेखाली कोणी 'शांतता' असं लिहिलं तर ती शांतता उरेल का? ती पाटी मलाच डोळ्यांत खुपली असती. दोन्ही विचार माझेच आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये 'सैराट' पुन्हा थिएटरांत लागला. भाची मागे लागली, "मावशी, चल ना, मी तेव्हा लहान होते, मोठ्या पडद्यावर पाहिलाच नाहीये." मी म्हटलं, गुडघा दुखतोय. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

रात्री ती परत आली ती गप्पच. बऱ्याच वेळाने म्हणाली, "शेवटी कोणी श्वाससुद्धा घेत नव्हतं गं."

"आमच्या शोला एक बाई मध्येच बोलली होती," मी म्हणाले.

"तिथे? काय एकेक बायका असतात!"

"हो ना," मी म्हणाले.