डिलाइट: चेसिस जमला, इंजिन नंबर अडला, म्हणून विंटेजचा हिशेब पुन्हा मांडला

डिलाइट (फियाट ११००, १९६७, १०८९ सीसी) अखेर सरकारच्या वाहननोंदणीच्या 'वाहन' पोर्टलवर दिसायला लागली. मागच्या नोंदीत ज्या बॅकलॉग एन्ट्रीवर (जुनी कागदी नोंद पोर्टलवर चढवण्यावर) घोडं अडलं होतं, ती झाली. जुना तीन अक्षरी नंबर, मालकाचं नाव, चेसिस नंबर, सगळं बरोबर चढलं आहे. पण इंजिनाचा ब्लॉक रॉकेलने धुऊन साफ केला तेव्हा त्यावरचा इंजिन नंबर आणि आरसी बुकातला नंबर वेगवेगळे निघाले. शेवटचे चार आकडे तर मुळीच जुळत नाहीत. म्हणजे या गाडीत कधीतरी दुसरा ब्लॉक बसला आहे.

आधी जमलेलं काम, कारण ज्यांच्या गाड्या नाशिकच्या पावसात वर्षानुवर्षे शेडमध्ये उभ्या आहेत त्यांना ते उपयोगी पडेल. चेसिस नंबरवर गंजाची खपली धरली असेल तर ग्राइंडर, वायर व्हील आणि सँडब्लास्टिंग यांना त्या वीतभर जागेत येऊच देऊ नका. ब्लास्टिंग करायचंच असेल तर नंबरवर रबराची जाड पट्टी चिकटवून मगच करा. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवायचं, नंतर नायलॉनच्या ब्रशने हलक्या हाताने घासायचं, उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर बारीक ब्रशने लावायचं. पृष्ठभाग काळा पडला की खडू चोळायचा. आकड्यांच्या खाचांत पांढरं बसतं आणि वाचता येतं. पेन्सिल प्रिंटसाठी पातळ ट्रेसिंग पेपर आणि ४बी पेन्सिल. कडक पेन्सिलने ३ आणि ८ सारखेच उमटतात. प्रिंट निघाल्यावर रंग मारू नका, नुसता ग्रीसचा हात द्या. आकडे वाचण्यापलीकडे गेले असतील तर स्वतः पंच मारण्याचा विचारही नको. री-पंचिंग आरटीओच्या लेखी परवानगीनेच होतं.

आता मुख्य दुखणं. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१ए ते ८१जी ही कलमं आली. त्यांत विंटेजची व्याख्या अशी: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेलं दुचाकी किंवा चारचाकी वाहन, मूळ रूपात जपलेलं, ज्याच्या चेसिसमध्ये, बॉडी शेलमध्ये किंवा इंजिनात फेरफार करणारं मोठं ओव्हरहॉल झालेलं नाही. अर्ज फॉर्म २० वर, सोबत विमा, फी आणि जुनी आरसी. आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा कागद. राज्याची समिती गाडी तपासते आणि ६० दिवसांत फॉर्म २३ए मध्ये प्रमाणपत्र द्यायचं असतं. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदणाऱ्या गाडीला एमएच व्हीए एए ०००१ अशा धर्तीचा नंबर मिळतो.

त्याच प्रकारचा दुसरा ब्लॉक बसवणं म्हणजे इंजिनात फेरफार का? आमचं वाचन असं की नाही. डिलाइट आणि नंतरची पद्मिनी यांचा ब्लॉक एकाच घराण्यातला: बोर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, १०८९ सीसी. आमच्या ब्लॉकचं बोर डायल गेजवर वर, मध्ये आणि खाली मोजलं, ६८.६ भरलं, म्हणजे ओव्हरसाइझ पिस्टन पडलेले आहेत आणि क्षमता सुमारे ११०९ सीसी झाली आहे. हे नेहमीचं बोरिंग आहे, ती काही अडचण नाही. अडचण कागदाची आहे. समितीपुढे गाडी उभी राहिली की प्रत्यक्ष नंबर आणि आरसी जुळायला हवेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर व्हायला हवी. म्हणून क्रम उलटा घेता येत नाही: आधी नावांतर (फॉर्म २९ आणि ३०, वारसाने आलेली गाडी असेल तर ३१), मग इंजिनाची नोंद, मग विंटेज.

पहिला बेत होता पक्के कागद असलेला दुसरा ब्लॉक शोधण्याचा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ, दोन्हीकडे अजून फियाटचं सामान निघतं. तिथे दोन गोष्टींवर अडून बसा: इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल, आणि ज्या गाडीतून ब्लॉक निघाला तिची रद्द झालेल्या नोंदणीची प्रत. नंबर घासलेला ब्लॉक कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. 'हवा तो नंबर पाडून देतो' असं कुणी म्हणालं तर त्या दुकानातून कसलीच खरेदी करू नका. तो थेट गुन्हा आहे आणि गाडी कायमची हातची जाते.

पण ही नोंद लिहितानाच बेत बदलला. आरसी बुकातलं बदलांच्या शेऱ्यांचं पान फाटलेलं आहे. ब्लॉक बदलताना त्या काळच्या मालकाने नोंद करून घेतली असेल तर ती बुकातून गेली तरी कार्यालयाच्या नोंदवहीत असणार. तेव्हा ब्लॉकची खरेदी थांबवली आहे आणि आधी त्या नोंदवहीचा, म्हणजे बी रजिस्टरचा, उतारा मागतो आहोत. गाडीची पहिली नोंद दुसऱ्या जिल्ह्यातली असल्याने उतारा तिथला आणि नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओ कार्यालयातला, असे दोन्ही लागतील. नोंद सापडली तर बॅकलॉगमधला इंजिन नंबर दुरुस्त करून घेणं एवढंच काम उरतं.

या निमित्ताने खर्च पुन्हा मांडला, आणि जे निघालं त्याने सगळ्या चर्चेचं तोंडच फिरलं. विंटेजची नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. साध्या नूतनीकरणाची (फॉर्म २५) फी ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला १०,०००, मुदत ५ वर्षं. दहा वर्षांत दोनदा, म्हणजे तेही २०,०००. महाराष्ट्राचा हरित कर पेट्रोल मोटारीला ५ वर्षांचे ३,०००. तो दोन्ही बाजूंना ६,००० धरू. फरक फक्त विम्यात पडतो. १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६. विंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीला त्याच्या निम्मा, १,७०८. अठरा टक्के जीएसटीसह दहा वर्षांचे ४०,३०९ विरुद्ध २०,१५४. एकूण ६६,३०९ विरुद्ध ४६,१५४. वर्षाला दोन हजार रुपये वाचतात, बस. दहा वर्षांनंतरची विंटेज पुनर्नोंदणी मात्र ५,००० मध्ये होते, तिथून पुढे विंटेज खरंच स्वस्त पडते.

त्या दोन हजारांच्या बदल्यात काय जातं, ते नीट वाचा. विंटेज गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, तांत्रिक संशोधन किंवा विंटेज रॅलीसाठी, तिथे जाण्यायेण्यासाठी आणि इंधन भरण्या-दुरुस्तीसाठी. रविवारी मिसळ खाऊन गंगापूर धरणाकडे चक्कर मारणं यात बसत नाही. जी गाडी दर आठवड्याला फिरते ती साध्या पासिंगवरच ठेवावी, असं आमचं ठाम मत झालं आहे. मुदत मात्र चुकवू नका. उशिराला मोटारीला महिन्याला ५०० रुपये लागतात, म्हणजे वर्षाला ६,०००.

आमच्याकडच्या सीजे ३बी जीपचा विंटेज की साधं पासिंग हा प्रश्न यातच सुटला. वय ५० च्या वर आहे, पण मूळ २१९९ सीसीच्या हरिकेन पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल आहे आणि चेसिस मागे वाढवलेला आहे. विंटेज संपलं. कस्टम, म्हणजे मालकाने आपल्या मनाप्रमाणे बदललेल्या, गाडीला आपल्याकडे वेगळा वर्गच नाही. कॅलिफोर्नियात घरी बांधलेल्या गाड्यांसाठी वर्षाला ५०० प्रमाणपत्रांचा कोटा असतो. ब्रिटनमध्ये बदललेल्या गाडीचा मूळ नंबर राहणार का हे ठरवायला वर्षानुवर्षे चाललेल्या गुणपद्धतीत मूळ चेसिसला ५ गुण असत आणि इंजिनाला फक्त १. इथे जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल बंद केले. रंग बदलता येतो, तोही नोंद करून. कलम १८२ए(४) प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जीपच्या आरसीवर डिझेलची नोंद आहे हे नशीब. वाढवलेला चेसिस मूळ लांबीवर आणायचा, बुल बार (पुढचा लोखंडी दांडा) उतरवायचा, बाहेर आलेले टायर बदलायचे आणि साध्या नूतनीकरणाला न्यायची. दीड हजार सीसीच्या वर असल्याने हप्ता ७,८९७, तो सोसायचा.

आमच्याकडच्या जावा २५० मोटारसायकलसाठी विंटेजचा विचार सोडला आहे. साधं नूतनीकरण २,००० मध्ये पाच वर्षांसाठी होतं. तिथे २०,००० भरण्यात अर्थ दिसत नाही.

डिलाइटचं पुढचं काम पीयूसीचं. बीएस-२ या प्रदूषण मानकापूर्वीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमच्या आत हवा. सोलेक्स कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू नुसता आवळून आकडा खाली येतो, पण मग आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाची इंजिनाची चाल, डगमगतं. आधी टॅपेट, पॉइंट गॅप आणि एअर क्लीनर नीट करायचं. ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने जुने रबरी पाइप आतून सुटतात आणि तो गाळ जेटमध्ये बसतो, म्हणून टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप एसएई जे३० आर९ दर्जाचा घेतला आहे आणि पंपाचा डायफ्रॅमही बदलतो आहोत. इंजिन मात्र स्टँडवरच राहील. उतारा हाती येऊन तपासणी झाली की मगच ते गाडीच्या इंजिन-बेमध्ये उतरवायचं, कारण एकदा मॅनिफोल्ड आणि डायनामो बसले की ब्लॉकवरच्या नंबरची स्वच्छ प्रिंट काढायला हात पोचत नाही.