तेल हलकं, मग वर का येत नाही?

समुद्रातल्या तेलक्षेत्रातून आलेले खडकाचे नमुने प्रयोगशाळेत तपासणं हे माझं काम होतं, हे कळलं की लोक हमखास विचारतात, "खाली तेलाचं तळं असतं का हो?" तळं नसतं, खडकाच्या बारीक छिद्रांत तेल असतं, असं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो: "पण तेल तर पाण्यापेक्षा हलकं. मग कोट्यवधी वर्षं ते खाली राहिलं कसं?" तुम्हीही हेच विचारलंत. "वर घट्ट खडकाचं झाकण असतं" हे त्याचं नेहमीचं उत्तर. मला ते अर्धवट वाटतं.

मुळात तेल वर येतंच. जमिनीखालचा सच्छिद्र खडक बहुतेक ठिकाणी पाण्याने भरलेला असतो. खोलवरच्या गाळात तयार झालेलं तेल त्या पाण्यातून वर सरकत राहतं आणि अडवणारं काही भेटलं नाही तर थेट जमिनीवर पाझरतं. आसामात दिग्बोईच्या जंगलात ते असं पाझरताना दिसलं, म्हणूनच तिथे 19व्या शतकाच्या अखेरीस विहीर खणली गेली.

अडलं तर काय होतं, ते आपल्या दाराशीच पाहता येतं. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, समुद्रतळाखाली एक रुंद उंचवटा आहे: मुंबई हाय. 1974मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात विहीर खणणाऱ्या तरंगत्या रिगवरून तिथे तेल लागलं, 1976मध्ये उत्पादन सुरू झालं. उंचवट्याच्या तळाशी दख्खनचा काळा पाषाण, तोच जो सह्याद्रीत दिसतो. त्याच्यावर चुनखडीचे थर, आणि त्यांवर शेल, म्हणजे दाबून घट्ट झालेला चिखल. तेल-वायू प्रामुख्याने चुनखडीत आहेत. वर वायू, मधे तेल, खाली पाणी. ही मांडणी फक्त घनतेची.

आता झाकणाकडे या. शेल कोरडी नसते, तिच्याही छिद्रांत पाणी असतं. ते पाणी, अतिशय सावकाश का होईना, आरपार जाऊ शकतं. मग तेल का जात नाही?

गावाकडे विहिरीत पोहायला शिकलेल्यांना याचं उत्तर ठाऊक आहे, फक्त त्यांनी ते या प्रश्नाला जोडलेलं नसतं. लेंगा भिजवायचा, पायांना गाठी मारायच्या, कमरेकडून हवा भरायची की तरंगायला फुगा तयार. कोरड्या लेंग्यात हवा टिकत नाही, ओल्यात टिकते. कापड तेच, भोकंही तीच. पण ओल्या कापडाच्या प्रत्येक भोकात पाणी ताणून बसलेलं असतं आणि हवेला आधी त्याला ढकलून बाहेर काढावं लागतं. शेलमध्ये हेच घडतं. खडकाच्या कणांना पाण्याची ओढ जास्त, त्यामुळे छिद्रांच्या अरुंद तोंडाशी पाणी चिकटून राहतं. तेलाला आत शिरायचं तर तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण मोडून काढावा लागतो, आणि तोंड जितकं अरुंद तितका जोर जास्त. तेलाला अडवतं ते खडकाने धरून ठेवलेलं पाणी. मला हे पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

किती जोर? छिद्राच्या तोंडाचा व्यास मायक्रॉनचा दहावा भाग, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा काही शेकडो पटींनी कमी, धरला तर तेलाला आत घुसायला साधारण 12 वातावरणांइतका जादा दाब लागतो. तो येतो तेलाच्या स्वतःच्या तरंगण्यातून. पण 50 मीटर उंच तेलाचा साठा जेमतेम एका वातावरणाइतका रेटा देतो. म्हणजे असं झाकण सुमारे 600 मीटर उंचीचा साठा सहज पेलेल. वायू बराच हलका, त्याचा रेटा दर मीटरला कितीतरी जास्त. तेलाला पुरणारं झाकण वायूपुढे बऱ्याच कमी उंचीवर हार मानतं. तेव्हाही ते सहसा फुटत नाही. थोडा वायू निसटतो, रेटा उतरतो, आणि पाणी पुन्हा वाट मिटवतं.

घुमटाचा आकार, खडकातल्या भेगा, वाहतं भूजल यांचाही साठ्यावर परिणाम होतो. 1953मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक किंग हबर्ट यांनी दाखवून दिलं की पाणी वाहतं असेल तर तेलाचा तळ तिरका होतो, कधी साठा एका बाजूला ढकललाही जातो. तो विषय मोठा आहे.

पण ज्या ताणाने तेल आपल्यासाठी राखलं, तोच ते पूर्ण देत नाही. तेल बाहेर ढकलण्यासाठी साठ्यात पाणी सोडतात, तेव्हा तेलाची अखंड धार मधेच तुटते आणि थेंब मोठ्या छिद्रांत एकटे अडकतात. अरुंद तोंडातून बाहेर पडायला त्यांच्याकडे जोर उरत नाही. चुनखडीत तर काही ठिकाणी भिंतीच तेलाला धरून बसतात. जगभर सरासरी पाहिलं तर साठ्यातलं साधारण एक तृतीयांश तेलच वर येतं.

प्रयोगशाळेत पाण्याने धुऊन झालेली खडकाची चकती मी अतिनील दिव्याखाली धरत असे. साध्या उजेडात करडी दिसणारी ती चकती अंधारात ठिपक्याठिपक्यांनी पिवळसर उजळायची. प्रत्येक ठिपका म्हणजे न निघालेलं तेल.