नेत्राणीला पाचवी डाइव्ह, मित्रांबरोबरची पहिली

नोव्हेंबरात मालवणला स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स केला, तेव्हा पाण्याखाली मास्तर कायम हाताच्या अंतरावर असायचे. माझा कान दुखतोय, सिलिंडरमधली हवा सांगणारं गेज किती दाखवतंय, मी नकळत वर चाललेय, हे माझ्याआधी त्यांना कळायचं. कोर्सच्या चार डाइव्ह अशा झाल्या. जानेवारीत कर्नाटकातल्या मुर्डेश्वरला जाऊन नेत्राणी बेटापाशी केलेली डाइव्ह पाचवी, आणि मित्रांबरोबरची पहिली. कोर्स संपून कार्ड नुकतंच हातात आलेल्यांसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण कोर्सनंतरच्या या पहिल्या डाइव्हबद्दल मला आधी कुणी फारसं सांगितलं नव्हतं.

आम्ही चौघं होतो. बेळगावची माझी कॉलेजातली मैत्रीण, तिचा नवरा (त्यांना आम्ही सगळे दाजीच म्हणतो), माझा ऑफिसातला मित्र आणि मी. मैत्रिणीच्या साठेक डाइव्ह झाल्या आहेत. ती माझी बडी, म्हणजे पाण्याखालची जोडीदार. पाण्यात पुढे गाइड होता, पण तो सगळ्यांचा. माझ्याकडे बघायला मीच आणि मैत्रीण.

मुंबईहून मत्स्यगंधा एक्सप्रेस सोयीची. दुपारी सुटते आणि पहाटे मुर्डेश्वरला उतरवते. उतरल्याच दिवशी डाइव्ह ठेवू नका. गाडीत झोप धड होत नाही, आणि नेत्राणी किनाऱ्यापासून साधारण १९ किलोमीटर आत आहे, बोटीने दीड तास. आम्ही तो दिवस झोपून आणि देवळापाशी फिरून काढला. समुद्र शांत आणि पाणी स्वच्छ हवं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात सगळं बंद असतं. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी ठरवा आणि आधी एकदा घरी घेऊन बघा. काही गोळ्यांनी गुंगी येते, आणि ते पाण्याखाली कळून उपयोग नाही.

बोटीवर माझी पहिली चूक झाली. खाली जाता यावं म्हणून मालवणला मी कमरेच्या पट्ट्यात सहा किलो वजन लावत होते. इथे पट्टा हातात आला तो आठ किलोचा. मी काही बोलले नाही. बाकीची सराईत माणसं भराभर तयार होत असताना ‘जरा थांबा’ म्हणणं जड जातं. पण तिथेच थांबायला हवं होतं. वजन तपासायला दोन मिनिटं पुरतात: पाण्यात उतरायचं, बीसीडीतली (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटातली) हवा पूर्ण सोडायची, नेहमीसारखा श्वास घेऊन रोखायचा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे आणि श्वास सोडल्यावर आपण हळूहळू खाली गेलो पाहिजे. दगडासारखे बुडत असाल तर वजन जास्त आहे. त्यावर साधारण दोन किलोची भर धरायची, कारण डाइव्हभर आपण सिलिंडरमधली तेवढी हवा वापरतो आणि शेवटी तो हलका होतो. ही चाचणी मी केली नाही.

नांगराच्या दोराने उतरलो. चार मीटरवर डावा कान अडला. इथे मात्र मी शिकवल्याप्रमाणे वागले: हात हलवून कानाकडे बोट केलं, मीटरभर वर आले, नाक दाबून पुन्हा हलकेच फुंकलं. मैत्रीण समोर थांबून राहिली. तिच्या डोळ्यांत जराही घाई नव्हती. तिसऱ्यांदा कान सुटला.

आणि मग खालचं नेत्राणी दिसलं! मालवणला मी जे पाहिलं त्याहून पाणी कितीतरी स्वच्छ होतं. मोठाले खडक, त्यांच्यावरून वळणारे पिवळ्या फुलपाखरू माशांचे थवे, प्रवाळाला चोच मारणारा पोपटमासा. तो चावतो त्याचा कट्कट् आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. माझे लाल फिन्स चौदा मीटरवर मातकट दिसत होते. पाण्यात सगळ्यात आधी लाल रंग मरतो, हे वाचलं होतं, ते आता स्वतःच्या पायांवर पाहिलं.

पण मी सतत बुडत होते. जास्तीच्या वजनामुळे बीसीडीत हवा भरायची, जरा वर गेलं की ती हवा फुगून मला आणखी वर ओढायची, मग सोडायची, मग पुन्हा खाली. पाय मारून मारून दम लागला. सतराव्या मिनिटाला माझं गेज ११० बार (उरलेल्या हवेचा दाब) होतं. मैत्रिणीचं मी डोकावून पाहिलं: १५०. बोटीवर ठरलं होतं की १०० झाले की खूण करायची. १०० झाले, मी केली नाही. माझ्यामुळे तिची डाइव्ह अर्ध्यात संपणार, हे मनाला लागत होतं. ८० वर गेज तिच्यापुढे धरलं. तिने क्षणभरही न घालवता अंगठा वर केला. (पाण्याखाली अंगठा म्हणजे ‘वर चला’. ‘छान’ म्हणून चुकूनही दाखवू नका.) पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येण्याआधीचा थांबा) मी दोर घट्ट धरून केला, दोर नसता तर त्या खोलीवर मला थांबता आलं नसतं. वर आलो तेव्हा ५० बार शिल्लक होते.

बोटीवर ती रागावली नाही, पण सरळ बोलली. “अगं, शंभरला सांगितलं असतंस तर आपण सावकाश परत फिरलो असतो. तुझी हवा किती आहे हे मला कळायलाच हवं. उद्या माझी संपली तर मी तुझ्याच सिलिंडरवर वर येणार आहे.” हे शेवटचं वाक्य मला कोर्समध्ये कुणी असं सांगितलं नव्हतं. माझी हवा माझ्या एकटीची नाही.

तासाभराने दुसरी डाइव्ह. या वेळी चाचणी केली, दोन किलो काढले. दर पाच मिनिटांनी बोटांनी एकमेकींना आकडा दाखवायचा, असं ठरवलं. हात पोटाशी, पाय संथ. १०० बारला एकतीस मिनिटं झाली होती आणि मी लगेच खूण केली. परतताना खडकाच्या फटीतून एक मोरे ईल (सापासारखा लांब मासा) तोंड उघडमीट करताना दिसली. ती धमकी नव्हे, ती तशीच श्वास घेते. अंतर ठेवून आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. मला एका जागी तरंगत राहता येत होतं म्हणूनच ते पाहता आलं.

जाताना कार्ड, लॉगबुक (डाइव्हची नोंदवही), वैद्यकीय फॉर्म आणि जमल्यास स्वतःच्या चेहऱ्याला बसणारा मास्क न्या. बेटावर उतरता येत नाही, त्यामुळे दिवसभर बोटीवरच. टोपी आणि भरपूर पाणी हवं. दोन डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नको, हे बहुतेकांना माहीत असतं. घाट चढून उंचावर जाणंही तसंच, ते मात्र विसरतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून मैत्रीण आणि दाजी त्या संध्याकाळी गाडी काढून निघाले नाहीत, मुर्डेश्वरलाच मुक्काम केला. रात्री जेवणानंतर तिने माझ्या लॉगबुकात बडी म्हणून सही केली आणि वजनाच्या रकान्यात आठ खोडून सहा लिहिलं.