हुमणी समजून काय काय मारलं आपण

मागच्या मे महिन्यात उकिरडा उपसायला घेतला होता. दुसरी ट्रॉली भरताना फावड्याखाली पांढऱ्या जाड अळ्या निघायला लागल्या, काही करंगळीएवढ्या काही अंगठ्यापेक्षा जाड, अर्ध्या बांगडीसारख्या वळलेल्या, डोकं तांबूस. नाना म्हणाले हुमणी आहे रे, मुळं खाणारी, हे खत वावरात गेलं तर भुईमूग गेलाच समज. त्याच दुपारी दाणेदार औषध आणलं आणि अख्ख्या ढिगावर टाकलं, मीच टाकलं. दोन दिवसांनी अळ्या मेल्या, गांडुळंही मेली, आणि ढीग उकरला की नुसता औषधाचा वास.

औषध टाकायच्या आधी पुतण्याला दाखवायला म्हणून दहा-बारा अळ्या मी रंगाच्या रिकाम्या बादलीत खतासकट ठेवल्या होत्या. संध्याकाळी त्यातल्या चार ओट्यावर काढल्या आणि बघतच राहिलो. एक अळी पालथी झाली म्हणजे पाय वर आणि पाठ खाली, आणि तशीच पाठीवर सरपटत निघाली, अंगाला लाट आल्यासारखी एकेक वळी पुढं ढकलत, पाय नुसते हवेत. सरळ करून ठेवली तर परत उलटी होऊन चालली. दुसरीनेही तेच केलं. मोठ्या दोन मात्र कुशीवर पडून राहिल्या.

पाठीवर चालणारी अळी हुमणी नसते, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. ती फुलभुंग्याची अळी, कुजलेलं शेण, पालापाचोळा, सडकं लाकूड एवढंच खाते, म्हणजे आपलं खत कुजवायचं काम फुकटात करते. आणि त्या जाड्या अळ्या गेंड्या भुंग्याच्या निघाल्या. गेंड्या भुंगा नारळाचा आणि शिंदीचा शत्रू आहे हे खरं, मोठा झाल्यावर शेंड्यात शिरून कोवळा गाभा खातो, पण त्याची अळी उकिरड्यातच वाढते, भुईमुगाच्या मुळांना तोंड लावत नाही. मुळं खाणारी खरी हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळी, तो भुंगेरा जमिनीत अंडी घालतो आणि ती शेतातच वाढते. थोडक्यात आम्ही ज्यांना मारलं त्यात हुमणी होती की नाही याचीच मला शंका आहे.

तेव्हापासून हा नाद लागलाय. शास्त्रज्ञ या सगळ्यांना एकाच घराण्यात धरतात, स्कॅरॅबिडी. ढालपंखी किडे म्हणजे वरचे पंख टणक झाकणासारखे असलेले, त्यांच्या जगात ४ लाखांच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत, त्यातल्या ३०,००० च्या आसपास या एका घराण्यात. शेणकिडा, हुमणीचा भुंगेरा, फुलभुंगा, गेंड्या भुंगा ही सगळी भावकीच, धंदे मात्र वेगळे.

भावकी ओळखायची खूण मिशीत आहे. मृगाच्या आधी वळीव पडला की दिवस मावळल्यावर बांधावरच्या कडुनिंबाखाली जा, तासाभरात भुंगेरे भरभर करत येतात आणि पाल्याला लटकतात. फांदी हलवून एक हातात घ्या, टॉर्च धरा. मिशी आधी गाठ असलेल्या काडीसारखी दिसते, मग तो जरा सावध झाला की टोकाची ती गाठ उघडते आणि तीन-चार पातळ पात्या पंख्यासारख्या फाकतात, वास घ्यायला. परत मिटतात. ही पात्यांची मिशी या घराण्याची सही म्हणा. लहानपणी बाभळीवरचा चकचकीत हिरवा सोनकिडा काडेपेटीत ठेवायचो ना, त्याची मिशी अशी नसते, तो वेगळ्या घराण्याचा. बाजरीवरचे हिंगेही वेगळे.

बाजरीच्या कणसावर मात्र अजून एक जण येतो, हिरवाकंच, अंगावर बारीक लव, तो आपल्या फुलभुंग्यातला, परागकण खातो. आणि कपाशीच्या फुलात शिरून बसणारा तांबडा-काळा ठिपक्यांचा, तोही त्यातलाच, तो फुलं कुरतडतो म्हणून शेतकरी वैतागतात ते बरोबर आहे.

पण माझा जीव जडलाय तो शेणकिड्यावर. यांच्याच ५,००० पेक्षा जास्त जाती आहेत आणि शेण वापरायच्या तीन पद्धती. काही जण गोळा करून लांब घेऊन जातात, काही जण पोवट्याच्या खालीच बीळ पाडून शेण खाली ओढतात, आणि बारके बारके काही जण शेणातच राहतात, तिथंच खातात, तिथंच अंडी घालतात. आपण गोळेवाल्यालाच ओळखतो कारण तो दिसतो, पण बहुतेक काम बिळवाले करतात आणि ते कुणाला दिसत नाही. ताज्या पोवट्याच्या कडेला बारीक भुसभुशीत मातीची ढिगुळी दिसली की समजायचं खाली माणसं कामाला आहेत.

या बिळवाल्यांत ऑन्थोफेगस नावाचा एक गट आहे, त्या एकाच गटात २,००० च्या वर जाती. त्यातल्या बऱ्याच जातींत मोठ्या नरांना डोक्यावर शिंगं असतात आणि ते बिळाच्या तोंडाशी पहारा देतात, आत मादी असते. लहान नरांना शिंगं जवळपास नसतातच, मग ते समोरून भांडायला जातच नाहीत, बाजूने दुसरा बोगदा खणून आत शिरतात. २०१० साली याच गटातल्या एका जातीचं वजन ओढायचं बळ मोजलं होतं, स्वतःच्या वजनाच्या १,१४१ पट भरलं.

गोळेवाला आपल्याकडे पाऊस पडल्यावर दिसतो. मागच्या श्रावणात आमच्या पडीक वावरात एका ठेलाऱ्याच्या मेंढ्या बसवल्या होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर काळसर रंगाचा, बोटाच्या पेराएवढा एक किडा डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर लावून उलटा चालत ढकलतोय. मध्येच थांबला, गोळ्यावर चढला, गोल फिरला, परत उतरून अगदी त्याच दिशेला लागला. ते गोल फिरणं म्हणजे दिशा घेणं असतं, सूर्य कुठं आहे ते बघून. दक्षिण आफ्रिकेत रात्री फिरणाऱ्या एका जातीवर प्रयोग झाले, किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या बारक्या टोप्या घातल्या म्हणजे आभाळ दिसू नये, तर ते भरकटले, आणि तारांगणात नेऊन बघितलं तर नुसत्या आकाशगंगेच्या पट्ट्यावर ते सरळ चालू शकले. हे २०१३ साली छापून आलं. मी उकिडवं बसून बघत होतो तेवढ्यात मागून मोठी माय ओरडली, काय देखी ऱ्हायना रे तठे? मी दाखवलं तर तीही वाकून बराच वेळ बघत राहिली, चष्मा सावरत.

मादी जमिनीखाली पोरासाठी वेगळा गोळा करते आणि त्यात एक अंडं घालते. अळी आतून खात जाते, भिंतीला कुठं चीर पडली तर स्वतःच्याच विष्ठेने लिंपून घेते. आपण ओटा सारवतो तसंच.

हे किडे नसले तर काय होतं ते ऑस्ट्रेलियात दिसलं. १७८८ मध्ये तिथं पहिल्यांदा गुरं गेली. तिथल्या शेणकिड्यांना कांगारूच्या सुक्या लेंड्यांची सवय, गाईचा ओला पोवटा त्यांना झेपेना. शेण महिनोन्महिने तसंच वाळून पडायचं, खाली गवत उगवायचं नाही, वर माश्यांचा सुळसुळाट. हंगेरीहून गेलेल्या जॉर्ज बोर्नेमिसा नावाच्या माणसाने हे हेरलं आणि १९६५ ते १९८५ अशी वीस वर्षं बाहेरून शेणकिडे आणून सोडायचं काम सरकारी संस्थेमार्फत चाललं. त्यातल्या २३ जाती तिथं रुजल्या. दुसऱ्या देशाने ज्यांच्यासाठी वीस वर्षं घातली ते आपल्या बांधावर आपोआप आहेत.

आहेत म्हणतोय पण कमी झालेत हे मला आमच्या शिवारात तरी दिसतं. गुरंच कमी झाली, पोळ्याला बैल मोजून निघतात, बाकी ट्रॅक्टर. जी आहेत ती गोठ्यात सिमेंटवर. शिवाय गोचीड आणि जंतासाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतो ना, ते औषध बरंचसं शेणावाटेच बाहेर पडतं आणि पुढचे काही दिवस त्या शेणात शेणकिड्याची अळी वाढत नाही. गुराला गरज असेल तर औषध द्यावंच लागतं, त्यात वाद नाही. आम्ही एवढंच केलं की सगळ्या गुरांना एकाच दिवशी सरसकट टोचायचं बंद केलं, जे अंगाने उतरलंय त्यालाच, डॉक्टरांना दाखवून. आणि टोचलेलं जनावर आठवडा-दोन आठवडे गोठ्यात, चराईला बाकीची.

यंदा उकिरडा उपसला तेव्हा अळ्या निघाल्याच. नाना काही बोलायच्या आत पुतण्याने पाच-सहा उचलून ओट्यावर ठेवल्या. चार पाठीवर चालल्या, त्या त्याने परत ढिगात टाकल्या. बाकीच्या कोंबड्यांना गेल्या. हुमणीचं बघायचं तर ते शेतात बघायचं, म्हणून वळवानंतर चार रात्री आम्ही तिघं कडुनिंबाखाली फांद्या हलवून भुंगेरे गोळा करत होतो, रॉकेल घातलेल्या पाण्याची घमेली खाली ठेवून. तिसऱ्या रात्री घमेल्यात एक शिंगवाला शेणकिडाही पडलेला, उजेडाला आला असेल. पुतण्याने तो काडीने बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि गोठ्यामागच्या शेणावर नेऊन सोडला. सकाळी तिथं मातीची ढिगुळी होती.